'काही नाही लागलं' म्हणण्याआधी : ई-स्कूटरच्या अपघातानंतरचे सहा महिने

गाडीवरून पडलेला माणूस आधी आजूबाजूला बघतो. कोणी पाहिलं का? मग घाईघाईने उठतो, कपडे झटकतो आणि जमलेल्या चार जणांना सांगतो, "काही नाही, काही नाही लागलं."

मीही तेच केलं. जूनचा पहिला पाऊस, घरापासून दोन चौकांवर रस्त्यातलं ड्रेनेजचं लोखंडी झाकण, आणि पुढे चाललेली रिक्षा हात न दाखवता डावीकडे वळली. मी ब्रेक दाबला, मागचं चाक झाकणावरून सरकलं आणि मी डाव्या तळहातावर आपटले. रिक्षावाले काका भले होते. थांबले, गाडी उचलून दिली, पाणी दिलं, म्हणाले, "ताई, मिटवून टाकू, कशाला उगाच." मी म्हटलं, "जाऊ द्या हो." घरी आले आणि कुकर लावला.

मनगटातलं हाड मोडलंय हे बाराव्या दिवशी कळलं. तोवर रिक्षाचा नंबर माहीत नव्हता, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलं होतं, आणि माझ्या हातात अपघाताचा एकही कागद नव्हता.

त्यानंतर जे शिकले ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पडलेली बाई आहे. पण एक गोष्ट पक्की कळली. अपघातानंतर बरंच काही उशिरा बोलायला लागतं. हाड उशिरा बोलतं, डोकं उशिरा बोलतं, बॅटरीसुद्धा उशिरा बोलते, आणि भीती तर सगळ्यात शेवटी. कागद मात्र त्याच दिवशी करावे लागतात.

पहिली दहा मिनिटं

सगळ्यात आधी गाडी बंद करा. पेट्रोलची गाडी पडली तर इंजिनाच्या आवाजावरून चालू आहे की बंद ते कळतं. ई-स्कूटर पडल्यावरही गप्प असते. मदतीला धावलेला माणूस उजव्या मुठीला धरून ती उचलायला जातो, मूठ पिळली जाते आणि गाडी एकदम पुढे झेपावते, कधी पडलेल्याच्या अंगावर. काही गाड्यांत पडल्यावर मोटर आपोआप बंद होते, सगळ्यांत नाही. म्हणून ओरडून सांगा : "आधी चावी बंद करा, मग उचला."

मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर उठू नका आणि कोणालाही हेल्मेट खेचून काढू देऊ नका. पडून राहा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलीस किंवा कुठलीही तातडीची मदत हवी असेल तर ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. बघणारे पोलिसांच्या भीतीने मागे सरकतात. त्यांना सांगा की मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-ए आलंय. जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची सक्तीही नाही.

उभं राहता येत असेल तर फोन काढा. समोरच्या गाडीचा नंबर. दोन्ही गाड्या पडल्या जागी. रस्ता, खड्डा, सांडलेली खडी, जे काही असेल ते. खड्ड्याचा फोटो काढताना शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा म्हणजे आकार कळतो. हे फोटो लगेच घरच्या कोणाला तरी पाठवून द्या, पाठवल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. पाहिलेल्या दोघांचे फोन नंबर घ्या. समोरच्या दुकानाला कॅमेरा असेल तर दुकानाचं नाव टिपून ठेवा आणि त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी पाठवून चित्रण जपून ठेवायची विनंती करा, कारण बऱ्याच ठिकाणी जुन्यावर नवं चित्रण चढत जातं.

आणि रस्त्यात मिटवू नका. समोरच्याशी भांडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. फक्त पाचशेची नोट घ्यायची नाही आणि 'माझी तक्रार नाही' असं कुठल्याही चिठ्ठीवर लिहून द्यायचं नाही. अंग गरम असतं तेव्हा किती लागलंय ते आपल्यालाच माहीत नसतं.

तुमच्या गाडीचा दुसऱ्याला धक्का बसला असेल तर बाजू उलटते, पण नियम तोच. थांबा, जखमीला दवाखान्यात न्या, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवा, कलम १३४ तेच सांगतं. आवाज न आल्यामुळे ई-स्कूटरसमोर पायी चालणारी माणसं बेधडक येतात, हे खरं आहे. तरी पळून गेलात तर ते कारण कोणी ऐकून घेणार नाही. जमाव अंगावर आला तर थेट जवळचं पोलीस ठाणं गाठा.

दवाखान्यात काय सांगायचं

केस पेपरवर पहिल्या डॉक्टरने लिहिलेली पहिली ओळ पुढे वर्षानुवर्षं वाचली जाते. विमा कंपनी वाचते, पोलीस वाचतात, कोर्ट वाचतं. आणि नेमकी तिथेच आपली माणसं खोटं बोलतात. 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून "बाथरूममध्ये पडलो" असं सांगतात. पुढे दावा करायची वेळ आली की समोरचा वकील तोच कागद पुढे करतो.

म्हणून जसं घडलं तसं सांगा : दुचाकीवर होते, अमुक चौकात, अमुक वाजता, रिक्षा आडवी आली. वाहनाचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला सांगा. रस्ते अपघाताची केस दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे कायद्याशी संबंधित केस) म्हणून नोंदवली जाते आणि पोलिसांना कळवली जाते. तो एमएलसी नंबर विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. मेडिक्लेमवालेही पुढे तोच मागतात.

पैशाचं. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. मोटार वाहनामुळे अपघात झाला असेल तर अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात विनाखर्च होतात. योजनेत नसलेल्या रुग्णालयातही जिवावरचा धोका टळेपर्यंतचे उपचार यात बसतात. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही. "रस्ता अपघात आहे, कॅशलेस योजनेत घ्या" असं नातेवाइकांनी स्वतः म्हणायचं. स्वतःचा मेडिक्लेम असेल तर त्यांनाही पहिल्या दिवशीच कळवा.

पहिले दोन दिवस : अंगावर लक्ष

डोक्याला मार लागला असेल, हेल्मेट असलं तरी, पहिले अठ्ठेचाळीस तास एकटं राहू नका. सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, फिट, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे तीन वाजले असले तरी निघा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या वडीलधाऱ्यांनी तर काही त्रास नसतानाही डॉक्टरांना दाखवावं. हँडल पोटात घुसलं असेल आणि नंतर पोट दुखायला लागलं, चक्कर आली, तर तेही तातडीचंच.

खरचटलेलं साध्या वाहत्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवा. त्यात अडकलेली खडी, माती निघाली पाहिजे. हळद, टूथपेस्ट, कॉफी पावडर यातलं काहीही भरू नका. मला शेजारच्या आजींनी हळद लावली होती, आणि ती काढताना नर्सबाईंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगा.

आता माझं मनगट. पडताना आपण हात पुढे टाकतो आणि सगळं वजन तळहातावर येतं. त्यात मनगटातलं काजूएवढं एक हाड मोडू शकतं, त्याला स्कॅफॉइड म्हणतात. हे हाड लबाड आहे. पहिल्या एक्स-रेत कित्येकदा चीर दिसतच नाही. माझ्याही दिसली नव्हती. "मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा," असं सांगून घरी पाठवलं. ओळखायची एक खूण आहे : अंगठा ताणून वर उचला, मनगटाजवळ त्याच्या मुळाशी दोन शिरांच्या मध्ये एक खळगा पडतो. त्या खळग्यात बोटाने दाबल्यावर जीव जात असेल तर 'मुरगळलंय' वर समाधान मानू नका. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगा, किंवा डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. वेळेत प्लास्टर झालं नाही तर ते जुळत नाही आणि पुढे शस्त्रक्रियेची वेळ येते.

दुचाकीवरून पडल्यावर दुसरं नेहमी मोडणारं हाड म्हणजे खांद्याजवळची हासळी. ते झोळीत हात ठेवून बहुतेकदा जुळतं. हाडवैद्यांकडे जाणारे जातात, त्यांना मी अडवणार नाही, पण आधी एक्स-रे आणि अस्थितज्ज्ञ.

बॅटरीला घरात घेऊ नका

पडलेली ई-स्कूटर वरून ठीकठाक दिसते. आरसा तुटलेला, बाजू खरचटलेली, बस. पण लिथियम बॅटरीच्या आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. जोरात आपटलेल्या बॅटरीत आतल्या आत शॉर्ट होऊन काही तासांनी, कधी काही दिवसांनीही आग लागू शकते. सर्व्हिस सेंटरने तपासेपर्यंत ती चार्जिंगला लावायची नाही. काढता येणारी बॅटरी असेल तर नेहमीसारखी स्वयंपाकघरात आणून ठेवायची नाही. गाडी उघड्यावर, भिंतीपासून आणि इतर गाड्यांपासून लांब लावा. फुगवटा, गोडसर रसायनासारखा वास, फुसफुस आवाज, धूर, यातलं काहीही जाणवलं तर लांब व्हा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी आणखी दोन कामं. आपल्या विमा कंपनीला कळवा आणि त्यांचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काहीही खोलू देऊ नका. दुसरं असं की बऱ्याच ई-स्कूटर वेग, ब्रेक, बिघाडाचे कोड असं सगळं नोंदवत असतात. ब्रेक लागला नाही, गाडी आपोआप पळाली, पुढचा फोर्क तुटला असा तुमचा संशय असेल तर ती नोंद जपून ठेवण्याची आणि त्याची प्रत देण्याची मागणी कंपनीकडे ईमेलने करा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. तुटलेला भाग बदलला तर जुना भाग परत मागून घ्या. गाडीतल्या दोषामुळेच इजा झाली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पोलीस ठाणं

इथे लोकांचे पाय अडखळतात. ठाणे अंमलदार म्हणतात, "आपसात बघा ना." तुम्ही म्हणायचं, "साहेब, हाड मोडलंय, हा एक्स-रे." भारतीय न्याय संहितेत हाड किंवा दात मोडणं ही 'गंभीर दुखापत' आहे. पंधरा दिवस तीव्र वेदनेत काढावे लागणं किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणं हेही त्यात येतं. निष्काळजीपणे गाडी चालवून अशी दुखापत केली तर कलम १२५(बी) लागतं. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला असेल तरी फिर्याद घ्यावी लागते, ती शून्य नंबरने नोंदवून पुढे पाठवतात.

जबाब देताना घाई करू नका. लिहून झालेला जबाब पूर्ण वाचा, मगच सही. 'भरधाव' हा शब्द आपल्याकडे प्रत्येक जबाबात आपोआप उमटतो. समोरचा हळूच पण इशारा न देता वळला असेल तर तसंच लिहून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते. पंचनामा होताना घरातलं कोणी तरी जागेवर हजर असलेलं बरं, म्हणजे झाकण, खड्डा, बंद दिवा या गोष्टी लिहायच्या राहत नाहीत.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याला त्याबद्दल नम्रपणे, पण वरचेवर विचारत राहा.

भरपाईचं दार कोणतं

इथे जरा सावकाश वाचा, कारण चुकीच्या दारावर धडका मारण्यात लोकांचे महिने जातात.

*दुसऱ्या वाहनाची चूक होती.* मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही तो दाखल करता येतो. कोकणात पडलेल्या ठाणेकराने दर तारखेला रत्नागिरीला जायची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर राहू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा.

दाव्यात फक्त औषधांची बिलं नसतात. बुडालेला पगार, येण्याजाण्याचा रिक्षाखर्च, घरी ठेवलेल्या मदतनीस बाईंचे पैसे, वेदना, कायमचं अपंगत्व आलं असेल तर पुढच्या कमाईचं नुकसान, हे सगळं मागता येतं. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात स्पष्ट केलंय. मनगट वीस टक्के अडकलं तर बँकेतल्या माणसाचं फारसं अडत नाही, शिंप्याचा धंदा मात्र बसतो. तुम्ही हाताने नेमकं काय काम करता ते वकिलाला सविस्तर सांगा. आणि "मी तर घरीच असते" असं म्हणू नका. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं मोल धरावं लागतं, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय. मी प्लास्टरच्या काळात पोळ्यांना बाई लावली, तिला दिलेल्या पैशांच्या नोंदी वहीत आहेत. मेडिक्लेममधून बिल मिळालं म्हणून ती रक्कम भरपाईतून कापायची नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निर्णय आहे.

चूक कोणाची या वादात पडायचं नसेल तर कलम १६४ आहे. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख, ठरलेली रक्कम. दोन्ही वाटांनी पैसे घेता येत नाहीत, तेव्हा वकिलाशी बोलून एक निवडा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो. फोन १५१००. बरेच दावे लोक अदालतीत तडजोडीने सुटतात. ती तडजोड चांगलीच, रस्त्यातल्या तडजोडीसारखी नाही. पण उपचार संपायच्या आत तीही नको.

*धडक मारून पळून गेला.* नंबरच नाही. तरीही सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे. ही योजना माहीत नसलेली माणसं मला रोज भेटतात.

*आपणच घसरलो.* इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. स्वतःच्या चुकीने पडलं तर स्वतःच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी काढलेल्या विम्यातून, स्वतःला काही मिळत नाही, कारण आपण 'थर्ड' नसतोच. मित्राची गाडी मागून नेली असेल तरी तेच, चालवणारा मालकाच्या जागी धरला जातो. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू आणि हात, पाय किंवा दृष्टी कायमची जाणं अशा अपंगत्वासाठी असतं, प्लास्टरसाठी नाही. मग उरतं काय? कॅशलेस योजना, मेडिक्लेम, गाडीच्या नुकसानीचा दावा. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड असेल आणि कामावर जाता-येता पडला असाल तर ती नोकरीतली दुखापत धरली जाते आणि बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांनी आपल्या ॲपमधला अपघात विमा उघडून त्यातली कळवण्याची मुदत आजच वाचून ठेवावी.

*खड्डा किंवा उघडं मॅनहोल.* ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याबद्दल स्पष्ट आदेश दिलाय. खड्डे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमींना दुखापतीनुसार ५०,००० ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती रक्कम ठरवते, आणि दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आहेत. चप्पल शेजारी ठेवून काढलेला फोटो इथे कामाला येतो.

*बिनानंबरची छोटी ई-स्कूटर.* मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ती कायद्याने मोटार वाहनच नाही. नंबर नाही, लायसन्स नाही, विमाही नाही. तुम्हाला कारने उडवलं तर कारच्या विम्यावरचा तुमचा हक्क कायम. पण तुमच्या धक्क्याने एखाद्या आजोबांचा खुबा मोडला तर खर्च तुमच्या खिशातून. आणि दुकानदाराने 'लॉक काढून' वेग वाढवून दिला असेल तर ती कायद्याने नोंदणी आणि विमा नसलेलं मोटार वाहन बनते. ही 'सोय' आत्ताच काढून टाका.

मागे बसलेल्यांसाठी एक ओळ : नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या स्कूटरवर मागे बसून चालकाच्या चुकीने पडलात तर विमा कंपनी हात वर करते. सर्वंकष पॉलिसी असेल तर गोष्ट वेगळी.

प्लास्टरचे दिवस

प्लास्टर घातल्यावर बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट बघू नका. हात उशीवर, छातीच्या वर ठेवा. मोकळ्या सांध्यांना दिवसातून चार-पाच वेळा हलवा, बोटं, कोपर, खांदा. झोळीत गप्प ठेवलेला खांदा आखडतो, आणि आखडलेला खांदा मोडलेल्या हाडापेक्षा जास्त रडवतो. पायाचं हाड मोडून अंथरुणात असाल आणि पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर ती रक्ताची गुठळी असू शकते.

डिंकाचे लाडू येतील. खा. पण हाडाला प्रथिनं लागतात, तेव्हा डाळ, उसळ, अंडी, दूध, नाचणी रोजच्या ताटात हवी. सिगारेट हाड जुळायला उशीर करते.

फिजिओथेरपी अर्धवट सोडणं ही आपली राष्ट्रीय सवय आहे. चार दिवस जायचं, पाचव्या दिवशी "घरीच करतो". माझं प्लास्टर निघालं तेव्हा मनगट दुसऱ्याच कोणाचं तरी वाटत होतं, बारीक, सोललेल्या रताळ्यासारखं. केसांना क्लिप लावता येईना. फिजिओथेरपिस्टने कणकेचा गोळा मळायला दिला, रोज दहा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात डबीचं झाकण उघडलं. प्रत्येक वेळची पावती ठेवा, आणि आज काय जमलं नाही ते दोन ओळींत वहीत लिहा. दोन वर्षांनी उलटतपासणीत 'नक्की काय त्रास होता' असं विचारतील तेव्हा काहीही आठवत नाही.

मनाचं प्लास्टर कोणी घालत नाही

पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं हे अपेक्षितच आहे. मी नवऱ्याच्या मागे बसायचे तेव्हा माझा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. डावीकडून रिक्षाचा आवाज आला की पोटात खड्डा पडायचा. हे हळूहळू ओसरत असेल तर ठीक. महिना उलटल्यावरही तसंच असेल, तो रस्ता टाळण्यासाठी तुम्ही दोन किलोमीटरचा वळसा घालत असाल, चिडचिड वाढली असेल, तर समुपदेशकाकडे जा. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. त्या उपचारांचे कागदही फाईलला लावा, दाव्यात मानसिक त्रास हाही त्रासच आहे.

घरच्यांसाठी एक विनंती. "हळू चालवता येत नाही का?" हे वाक्य निदान पहिला महिना गिळा. पडलेल्या माणसाने ते स्वतःला शंभरदा ऐकवलेलं असतं. आणि ज्याच्या गाडीखाली दुसरं कोणी आलंय त्याची अवस्था याहून वाईट असते. तो बोलत नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

परत गाडीवर बसायची घाई नको. स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हातात, पुढचा ब्रेक आणि मूठ उजव्या हातात. यातलं कुठलंही मनगट अर्धवट असेल तर गाडी तुमच्या ताब्यात नाही. उभ्या गाडीवर बसून दोन्ही ब्रेक करकचून दहा वेळा दाबून बघा, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दुखलं तर आठवडाभर थांबा. आधी कोणाच्या तरी मागे बसून, मग पार्किंगमध्ये, मग रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर, सगळ्यात कमी वेगाच्या मोडमध्ये. मूठ सोडली की काही गाड्या आपोआप ब्रेक लावतात, ओल्या रस्त्यावर त्याने चाक सरकू शकतं. सेटिंगमध्ये ते कमी करता येतं का बघून ठेवा.

मी नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी साडेसहाला निघाले. सोसायटीत तीन फेऱ्या, मग डेअरीपर्यंत. अर्धा लिटर दूध. परत येताना त्या चौकात गाडी कडेला लावली. झाकण अजून तसंच होतं, गुळगुळीत, रस्त्यापेक्षा बोटभर वर. शेजारी चप्पल ठेवून फोटो काढला आणि पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. तक्रारीचा नंबर फाईलला लावलाय.